पंगत उठत नाही

चित्रपट संपला, दिवे लागले, खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज सुरू झाले आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतील एका वयस्कर गृहस्थांनी विचारले, "पण हे खरेच घडले आहे का हो?" आमच्या चित्रपट मंडळाच्या छोट्या सभागृहात थॉमस विंटरबर्ग या डॅनिश दिग्दर्शकाचा 'फेस्टेन' नुकताच दाखवून झाला होता आणि बराच वेळ कोणीच काही बोलले नव्हते. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुणीने सांगितले, की दिग्दर्शकाला ही हकीकत रेडिओवरच्या एका कार्यक्रमातून मिळाली होती. गृहस्थांनी मान डोलावली, "म्हणजे खरे आहे तर," असे म्हणत पिशवी उचलली आणि ते निघाले. त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेला सुटकेचा भाव मला तेव्हापासून खटकत राहिला आहे. पावणेदोन तास आपण एका मुलाचे बोलणे ऐकतो, त्याच्या बापाच्या चेहऱ्यावरची रेषाही न हलणे पाहतो, त्याच्या मृत बहिणीने लिहिलेले पत्र ऐकतो, आणि एवढे सगळे झाल्यावरही बाहेरच्या कोणाची तरी साक्ष मिळाल्याखेरीज आपले समाधान होत नाही. चित्रपटातील पाहुणेही त्या मुलाकडे नेमके हेच मागत असतात. शिवाय त्या तरुणीने दिलेले उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे उत्तर सभागृहाच्या दारात, गर्दीत उभ्याउभ्या सांगून संपणारे नव्हते.

साठाव्या वाढदिवसाची मेजवानी, एवढेच या चित्रपटाचे कथानक म्हणता येईल. हेल्गे क्लिंगेनफेल्ट हा प्रतिष्ठित हॉटेलमालक आपल्या प्रशस्त वाड्यात नातेवाइकांना आणि स्नेह्यांना बोलावतो. पॅरिसहून थोरला मुलगा क्रिश्चन येतो, धाकटा तापट मिकेल बायकामुलांसह येतो, मुलगी हेलेना येते. क्रिश्चनची जुळी बहीण लिंडा मात्र येत नाही, कारण याच वाड्यात तिने काही काळापूर्वी आत्महत्या केलेली असते. चित्रीकरण झाले ते झीलंड बेटावरील स्कोल्डेनेसहोल्म या जुन्या जमीनदारी वाड्यात, जो प्रत्यक्षातही हॉटेलच आहे. पटकथेत विंटरबर्गच्या जोडीला मोगेन्स रुकोव होते. डेन्मार्कच्या राष्ट्रीय चित्रपट शाळेत पटकथालेखन शिकवणारे रुकोव विद्यार्थ्यांना 'नैसर्गिक गोष्ट' शोधण्यास सांगत असत. लग्न, अंत्ययात्रा, मेजवानी अशा प्रसंगांचा एक क्रम समाजाने आधीच ठरवून ठेवलेला असतो. पुढे काय येणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते, म्हणून लेखकाने तो क्रम मोडायचा नाही, त्याच्या आत आपला सुरुंग पेरायचा. डॅनिश मेजवानीचा क्रम तर फारच पक्का आहे. स्वागताचे पेय, ठरवून दिलेल्या जागा, भाषणांची सूत्रे सांभाळणारा टोस्टमास्टर, पेल्यावर चमच्याने केलेली किणकिण, उभे राहून केलेले भाषण, ओळखीच्या चालीवर खास रचलेले आणि छापून वाटलेले गाणे, जयजयकार, कॉफी, नाच आणि दुसऱ्या दिवशी सकाळची न्याहारी. 'फेस्टेन' या पायऱ्यांपैकी बहुतेक सगळ्या चढतो.

क्रिश्चन उभा राहतो तो या क्रमात त्याची पाळी आली म्हणूनच. त्याच्या हातात दोन लिफाफे असतात, एक हिरवा आणि एक पिवळा. कोणते भाषण हवे ते बापानेच निवडायचे. बाप हसत हिरवा निवडतो. आणि मग अत्यंत शांत, किंचित संकोचलेल्या आवाजात, घरातली जुनी गंमत सांगावी तशा ओघात, क्रिश्चन सांगतो की वडिलांना आंघोळीची फार आवड होती, आंघोळीपूर्वी ते त्याला आणि लिंडाला अभ्यासिकेत घेऊन जात, दाराला कडी लावत, पडदे ओढत. पुढचे तो टाळत नाही. हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा क्रिश्चन झालेल्या उलरिक थॉमसनच्या आवाजापेक्षा माझे लक्ष टेबलावरच्या हातांकडे गेले होते. काही हात पेल्याजवळ थांबले आहेत, काही मांडीवर रुमाल उगाच नीट करत आहेत, एखादी बाई शेजाऱ्याकडे पाहते आणि लगेच ताटात पाहू लागते. प्रकाश खिडकीतून येईल तेवढाच आणि टेबलावरच्या मेणबत्त्यांचा. चित्र रवाळ, पिवळसर, कडा विरघळलेल्या. भाषण संपते, क्रिश्चन बसतो. क्षणभर काहीच हलत नाही. मग कुठेतरी चमचा वाजतो, कोणीतरी घसा खाकरतो, म्हातारे आजोबा आपली नेहमीची गोष्ट सुरू करतात आणि गाडे पुन्हा रुळावर येते.

कोणीही उठत नाही.

हे न उठणे भित्रेपणाचे किंवा ढोंगाचे आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण मला ते तेवढ्यावर सोडवत नाही. भाषणाच्या प्रथेत एक अलिखित करार असतो: उभ्या राहिलेल्या माणसाला मध्येच थांबवायचे नाही. या कराराच्या आधारावरच क्रिश्चन बोलू शकतो. एरवी अभ्यासिकेत बापासमोर एकट्याने हे शब्द उच्चारणे त्याला शक्य झाले नसते. पण त्याच कराराचा दुसरा भाग असा, की भाषण संपले की ते 'भाषण' म्हणून जमा होते, त्याला दाद मिळते किंवा मिळत नाही, आणि पुढचा पदार्थ येतो. ज्या रिवाजाने त्याला आवाज दिला, तोच रिवाज तो आवाज गिळून टाकतो. आपल्याकडे पंगतीत वडीलधाऱ्यांचे जेवण होण्याआधी उठायचे नसते. शेजारच्या पानावर काहीही घडो, उठणाराच असभ्य ठरतो. या पाहुण्यांचीही तीच गत आहे. ज्यांना खरोखर निघून जावेसे वाटते त्यांनाही निघता येत नाही, कारण स्वयंपाकघरात आचारी किम, जो क्रिश्चनचा बालमित्र आहे, आणि त्याच्या हाताखालच्या मुली यांनी पाहुण्यांच्या खोल्यांतून गाड्यांच्या किल्ल्या पळवून लपवून ठेवलेल्या असतात. दिवाणखान्यातील कोणाचीही क्रिश्चनला साथ नाही. त्याच्या बाजूने उभे राहतात ते वाढणारे, भांडी घासणारे, खोल्या आवरणारे लोक. तळघरातील त्या स्वयंपाकघराची ऊब, वाफ आणि तेथील मोकळे बोलणे हे वरच्या मेजवानीपेक्षा मला नेहमीच अधिक घरासारखे वाटत आले आहे. चित्रपट या वर्गभेदावर बोट ठेवून व्याख्यान देत नाही, हे त्याचे मोठेपण.

या चित्रपटाविषयी लिहिताना 'डॉग्मे ९५' ही डॅनिश दिग्दर्शकांनी स्वतःवर दहा कडक नियम घालून घेत सुरू केलेली चळवळ टाळता येत नाही, आणि खरे सांगायचे तर त्याविषयी लिहिण्याचा मला थोडा कंटाळाही येतो, कारण इतक्या वर्षांत ते दहा नियम चित्रपट रसिकांना तोंडपाठ झाले आहेत. मार्च १९९५ मध्ये पॅरिसच्या ओदेऑन नाट्यगृहात सिनेमाच्या शताब्दीनिमित्त भरलेल्या परिषदेत डॅनिश दिग्दर्शक लार्स फॉन ट्रिअर यांनी आपला जाहीरनामा वाचला आणि त्याची लाल पत्रके श्रोत्यांवर उधळली. चित्रीकरण प्रत्यक्ष जागेवरच करायचे, बाहेरून सामान आणायचे नाही, ध्वनी आणि चित्र वेगळे मुद्रित करायचे नाहीत, कॅमेरा हातातच हवा, वेगळे दिवे नकोत, खून आणि शस्त्रे नकोत, आणि दिग्दर्शकाचे नाव श्रेयनामावलीत नको. हे नियम ट्रिअर आणि विंटरबर्ग यांनी हसतखिदळत, अगदी थोड्या वेळात लिहून काढले होते. 'फेस्टेन' हा त्या नियमांनुसार बनलेला पहिला चित्रपट. त्यात स्वतः विंटरबर्ग टॅक्सीवाल्याच्या भूमिकेत क्षणभर दिसतो, पण नामावलीत नाही. मजा अशी, की नियमभंगाची लेखी कबुली देण्याचीही पद्धत होती आणि विंटरबर्गने ती अत्यंत गंभीर भाषेत दिली: एका दृश्यासाठी खिडकीवर काळा पडदा टाकला होता, हॉटेलचे स्वागतकक्षाचे टेबल मुळात नव्हतेच, ते तेथेच सापडलेल्या वस्तूंतून उभे केले, क्रिश्चनचा मोबाईल फोन त्याचा स्वतःचा नव्हता, आणि एकदा कॅमेरा ध्वनिमुद्रणाच्या लांब दांडीला बांधला होता, त्यामुळे तो पुरता हातात नव्हता. ही कबुली वाचताना हसू येते, आणि लगेच मनात येते की जेथे एका पडद्याचीही कबुली द्यायची असते, त्या चित्रपटातील मुख्य पात्राला मात्र आपल्या बापाकडून एका शब्दाची कबुली मिळवण्यासाठी पूर्ण रात्र घालवावी लागते.

नियमांचा खरा लाभ कॅमेऱ्याने उठवला. छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल यांनी सोनीचा हातात मावणारा घरगुती व्हिडिओ कॅमेरा वापरला आणि नंतर ते चित्रण ३५ मिलिमीटर फिल्मवर उतरवले गेले. एवढा छोटा कॅमेरा टेबलाखालून, दाराच्या फटीतून, छताच्या कोपऱ्यातून, जिन्याच्या कठड्यावरून कोठूनही पाहू शकतो. तो पाहुण्यांमध्येच बसलेला असतो; त्यालाही जागेवरून उठता येत नाही, असे वाटत राहते. जसजशी रात्र चढते तसतसा प्रकाश कमी होतो आणि चित्रातील रवाळपणा वाढत जातो. वाड्यातील हवाच दाटून आल्यासारखी होते. क्रिश्चनला लिंडा दिसते त्या प्रसंगात तर चेहरे जेमतेम ओळखू येतात. तांत्रिकदृष्ट्या हे चित्र 'खराब' आहे, आणि तरीही हा खराबपणा नसता तर या कथेचा मेलोड्रामा झाला असता, असे माझे स्पष्ट मत आहे. कथा मुळात मेलोड्रामाचीच आहे. लिफाफे, लपवलेले पत्र, जुळी बहीण, भूत, भर मेजवानीत गौप्यस्फोट. कसलेल्या हातांनी, चकचकीत प्रकाशात हे सारे दाखवले असते तर आपण त्यातील एका शब्दावरही विश्वास ठेवला नसता.

मे १९९८ मध्ये हा चित्रपट फ्रान्समधील कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धा विभागात दाखवला गेला. विंटरबर्ग तेव्हा तिशीच्याही आत होता. त्याच स्पर्धेत ट्रिअर यांचा 'द इडियट्स' हा दुसरा डॉग्मे चित्रपटही होता. मखमली गालिचा, बो टाय, पायऱ्यांवरचे छायाचित्रकार आणि ठरावीक लांबीच्या टाळ्या यांच्या मध्ये घरगुती कॅमेऱ्यावर चित्रित केलेले, दिग्दर्शकाचे नाव नसलेले दोन चित्रपट. कान हीसुद्धा क्रम ठरलेली एक मेजवानीच आहे आणि तेथेही कोणी जागेवरून उठून गोंधळ घालणे अपेक्षित नसते. ब्रिटिश समीक्षक मार्क कर्मोड यांनी 'द इडियट्स'च्या खेळात फ्रेंचमधून ओरडून आपला निषेध नोंदवला तेव्हा त्यांना सभागृहाबाहेर काढण्यात आले. ही हकीकत ते स्वतःच रंगवून सांगतात. 'फेस्टेन'मध्ये क्रिश्चनला पुन्हा पुन्हा बाहेर काढले जाते आणि शेवटी जंगलात झाडाला बांधून ठेवले जाते, हे ज्यांनी पाहिले होते त्यांना त्या आठवड्यात या साम्याची गंमत वाटली असेल.

परीक्षक मंडळाचे अध्यक्ष मार्टिन स्कॉर्सेसी होते. पाम दोर हे सर्वोच्च पारितोषिक थिओ आंगेलोपुलोस यांच्या 'इटर्निटी अँड अ डे'ला गेले, ग्रां प्री रोबेर्तो बेनिनी यांच्या 'लाइफ इज ब्युटिफुल'ला, आणि ज्यूरी पारितोषिक 'फेस्टेन' आणि क्लोद मिलेर यांचा 'ला क्लास द नेज' या दोन चित्रपटांना विभागून मिळाले. या यादीकडे मी जितक्या वेळा पाहतो तितक्या वेळा मला एक विचित्र गोष्ट जाणवते. मिलेर यांच्या चित्रपटात एक लहान मुलगा शाळेच्या सहलीला जातो आणि त्याच्या भयस्वप्नांच्या मुळाशी त्याचा बापच असतो. बेनिनी यांच्या चित्रपटात बाप छळछावणीत आपल्या मुलाला सतत खोटे सांगतो, हा सगळा एक खेळ आहे असे पटवतो, आणि ते खोटे त्या मुलाला वाचवते. एकाच परीक्षक मंडळाने, एकाच संध्याकाळी, मुलाला वाचवणाऱ्या बापाच्या खोट्यालाही गौरवले आणि बापाचे खोटे मोडून काढणाऱ्या मुलालाही. परीक्षकांच्या मनात असे काही होते असे मला म्हणायचे नाही. पारितोषिके तडजोडीतून ठरतात, आणि विभागून दिलेले पारितोषिक तर बहुधा तशा तडजोडीतूनच येते. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय सिनेमा बापाच्या खुर्चीभोवती एवढ्या अस्वस्थपणे का घुटमळत होता, हा प्रश्न त्या यादीतून उठतोच. पुढे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन्ही शहरांच्या समीक्षक मंडळांनी 'फेस्टेन'ला परभाषिक चित्रपटाचे पारितोषिक दिले. ऑस्करच्या नामांकनांत मात्र तो नव्हता. ते ऑस्कर बेनिनी यांच्या बापाला मिळाले. आश्वासक खोट्याचा तेथे विजय झाला, असे म्हणण्याचा मोह होतो, पण 'लाइफ इज ब्युटिफुल' मला आवडतो, म्हणून तो मोह आवरतो.

कानमधील यशाने डॉग्मेचे जे झाले ते मात्र मला थोडे उदास करते. दिग्दर्शकाचे नाव पुसायला निघालेल्या चळवळीने दिग्दर्शकालाच जगभर प्रसिद्ध केले. महोत्सवांच्या पुस्तिकांत, पोस्टरवर, मुलाखतींत विंटरबर्गचे नाव सर्वत्र छापले गेले. प्रमाणपत्र क्रमांक एक, क्रमांक दोन करत काही वर्षांतच डॉग्मेच्या शिक्क्याचे तीसहून अधिक चित्रपट झाले आणि बंडाची एक ओळखीची शैली होऊन बसली: हलता कॅमेरा, रवाळ चित्र, एकत्र जमलेले कुटुंब आणि एक रहस्य. महोत्सवांनी डॉग्मेचे भाषण ऐकून घेतले, मनापासून टाळ्या वाजवल्या आणि पुढचा पदार्थ मागवला. विंटरबर्गचा त्यानंतरचा चित्रपट, २००३ साली सनडान्स महोत्सवात दाखवला गेलेला 'इट्स ऑल अबाउट लव्ह', मोठ्या तारकांचा आणि इंग्रजी भाषेतला होता आणि तो साफ आपटला. डॉड मँटल यांनी मात्र छोट्या कॅमेऱ्याची ती सवय सोडली नाही. दहा वर्षांनी मुंबईत, धारावीच्या बोळांतून धावणाऱ्या मुलांच्या मागे त्यांनी छोटे डिजिटल कॅमेरे नेले आणि 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी छायाचित्रणाचे ऑस्कर घेतले. त्या चित्रपटाविषयी मुंबईकरांची जी काही तक्रार असेल ती असो, पण बोळाच्या तोंडाशी दिवे आणि क्रेन उभी करून ते चित्रण झाले नसते, हे मान्य करावे लागते.

आता त्या अर्ध्या राहिलेल्या उत्तराविषयी.

१९९६ साली डॅनिश रेडिओवर केल कोप्लेव्ह यांच्या कार्यक्रमात एका माणसाने आपली कहाणी सांगितली होती. बालपणीचे अत्याचार, गमावलेली जुळी बहीण आणि वाढदिवसाच्या मेजवानीत पाहुण्यांसमोर उभे राहून केलेले भाषण. ऐकणारे हादरून गेले. त्या कहाणीचा धागा विंटरबर्गपर्यंत पोहोचला आणि त्यातून 'फेस्टेन'ची पटकथा उभी राहिली. पुढे, चित्रपट जगभर गाजल्यानंतर, डॅनिश रेडिओच्या एका पत्रकाराने त्या माणसाचा माग काढला, तेव्हा त्याने सांगितले की ती मेजवानी कधी झालीच नव्हती आणि ते भाषण कोणीच केले नव्हते. कहाणी त्याने रचली होती. म्हणजे, पिशवी उचलून निघालेल्या त्या गृहस्थांना पूर्ण उत्तर द्यायचे तर असे सांगावे लागले असते, की हे रेडिओवर खरे म्हणून सांगितले गेले होते, पण खरे नव्हते. मग त्यांनी काय केले असते? पुन्हा खाली बसले असते का? फसवणूक झाल्यासारखे त्यांना वाटले असते का? मला वाटते, वाटले असते, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. जाहीरनाम्यात चित्रपटाच्या भ्रमजालाविरुद्ध एवढी शपथ घ्यायची, खिडकीवरच्या पडद्याचीही कबुली द्यायची, आणि त्या सगळ्याच्या पायाशीच एक रचलेली गोष्ट निघावी, यात नियतीचा खोडकरपणा आहे. पण क्रिश्चनसारखी मुले, हेल्गेसारखे बाप आणि तसली टेबले डेन्मार्कमध्ये आणि इतरत्रही आहेत. त्यांच्यापैकी एखादा जेव्हा खरोखर पेल्यावर चमचा वाजवून उभा राहतो, तेव्हा त्याच्याकडे ना रेडिओचा दाखला असतो ना बहिणीचे पत्र.

पत्राविषयी माझी तक्रार जुनी आहे. हेलेना लिंडाच्या खोलीत लहानपणीचा लपवाछपवीचा खेळ खेळत, खुणांमागून खुणा शोधत त्या पत्रापर्यंत पोहोचते, ते वाचून हादरते आणि गोळ्यांच्या नळीत दडवून ठेवते. पिया ही वाढणारी मुलगी, जिचे क्रिश्चनवर प्रेम आहे, ते बाहेर आणते. आणि अखेर तीच हेलेना, जिने भर सभेत भावाला खोटे पाडले होते, बापासमोर ते मोठ्याने वाचते. प्रसंग विलक्षण आहे. हेलेना झालेल्या पप्रिका स्टीनचा तुटत जाणारा आवाज विसरता येत नाही. पत्र वाचून झाल्यावरच टेबलाचे मत बदलते आणि हेल्गे, प्रथमच चेहरा गमावून, मुलांना सांगतो की तुमची लायकीच तेवढी होती. कबुली मिळते, पण ती पत्रामुळे. क्रिश्चनचा स्वतःचा शब्द, एकदा नव्हे अनेकदा उभे राहून सांगितलेला, पुरेसा ठरत नाही. पटकथाकारांना प्रेक्षकांविषयी खात्री नव्हती, म्हणून त्यांनी मेलेल्या मुलीला साक्षीला बोलावले असे मी बराच काळ मानत असे. आता वाटते की ते आपल्याविषयी अचूक होते. आमच्या सभागृहात विचारला गेलेला प्रश्न तेच सांगतो.

या शंकेची दुसरी बाजू विंटरबर्गने पुढे स्वतःच हाताळली. 'फेस्टेन'नंतर थोड्याच काळात एक मानसशास्त्रज्ञ त्याच्या दारात येऊन मुलांच्या कल्पित आठवणींविषयीची कागदपत्रे देऊन गेले होते. ती त्याने अनेक वर्षे उघडलीही नाहीत, असे तो सांगतो. उघडली तेव्हा त्यातून 'द हंट' आला. २०१२ साली कानमध्ये त्यातील अभिनयासाठी मॅड्स मिकेलसनला पारितोषिक मिळाले. त्यात एक छोटी मुलगी रागाच्या भरात बालवाडीतील शिक्षकाविषयी काहीतरी बोलून जाते, जे घडलेलेच नसते, आणि संपूर्ण गाव तिच्यावर विश्वास ठेवते. तेच डॅनिश गाव, तीच गाणी, तीच टेबले, तेच पेले, आणि मुलीच्या बापाच्या भूमिकेत तोच थॉमस बो लार्सन, जो 'फेस्टेन'मध्ये मिकेल होता. एका चित्रपटात मूल खरे सांगते आणि कोणी मानत नाही, दुसऱ्यात मूल खोटे सांगते आणि सगळे मानतात. हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत असे मी कोणाला सुचवणार नाही. मी ते पाहिले आणि त्यानंतर कोणत्याही बाजूने ठाम बोलणे मला काही काळ जमले नाही. 'द हंट' अधिक सफाईदार, अधिक सुंदर चित्रित केलेला आहे. पण शरद ऋतूतील सोनेरी जंगलाच्या त्या चौकटी पाहताना मला स्कोल्डेनेसहोल्मच्या वाड्यातील त्या गढूळ, पिवळट अंधाराची आठवण येत राहिली. जानेवारी २०२१ मध्ये गोव्यातील 'इफ्फी' या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे उद्घाटन विंटरबर्गच्या 'अनदर राउंड'ने झाले. त्यातही टेबल आहे, पेले आहेत, भाषणे आहेत. हा माणूस आयुष्यभर त्याच मेजवानीत बसून आहे असे वाटते. दरम्यान 'फेस्टेन' रंगभूमीवर गेला, २००४ मध्ये लंडनच्या अल्मीडा नाट्यगृहात त्याचे नाटक झाले, आणि २०२५ मध्ये संगीतकार मार्क-अँथनी टर्नेज यांनी त्याचा ऑपेरा केला, तोही लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये, जेथे प्रेक्षक पुन्हा एकदा नीटनेटके कपडे घालून क्रमाने आपापल्या जागी बसतात.

राहते ती सकाळची न्याहारी. रात्रीची मारामारी, मद्य आणि रडणे संपून पाहुणे धुतलेल्या चेहऱ्यांनी पुन्हा टेबलाभोवती जमतात. हेल्गे येतो, उभा राहतो आणि आपले शेवटचे भाषण करतो. तो आपला अपराध मान्य करतो, मुलांवर प्रेम असल्याचे सांगतो. हेनिंग मॉरित्सेनने हे भाषण इतक्या प्रतिष्ठेने केले आहे की क्षणभर आपण त्याच्यासाठी हळहळतो, आणि मग स्वतःचीच चीड येते. मिकेल उठतो, बापाजवळ जातो, भाषण छान झाले असे सांगतो आणि आता आम्हांला न्याहारी करायची आहे, तुम्ही जा, असे सभ्यपणे सुचवतो. क्रम मोडलेला नाही. फक्त यजमान बदलला आहे. आदल्या रात्रीपर्यंत बापाच्या मर्जीसाठी धडपडणारा, हेलेनाच्या कृष्णवर्णीय मित्राला हिणवणारे गाणे सगळ्या टेबलाकडून म्हणवून घेणारा मिकेल आता त्याच टेबलाच्या शिष्टाचाराचा रखवालदार आहे. त्या गाण्याविषयी सकाळी कोणी अवाक्षर काढत नाही.

आणि मग एल्से. जाता जाता हेल्गे बायकोला विचारतो, तू येतेस का. ती सांगते, मी येथेच बसते. बिर्टे न्यूमानने हे वाक्य एवढ्या सहजपणे म्हटले आहे की अनेकांना त्यात बंड दिसते, आयुष्यभर नवऱ्याच्या मागे चाललेली बाई अखेर स्वतंत्र झाली असे वाटते. मला तसे वाटत नाही. आदल्या रात्री, गोड हसत, क्रिश्चन लहानपणी कसा काल्पनिक मित्राशी खेळे आणि कल्पना व वास्तव यांची कशी गल्लत करे, हे पाहुण्यांना सांगून त्याला माफी मागायला लावणारी हीच बाई. आणि क्रिश्चनने त्यावर सर्वांसमोर सांगितले होते, की तू एकदा त्या अभ्यासिकेत आली होतीस, तू पाहिले होतेस आणि दार लावून निघून गेली होतीस. ज्या साक्षीसाठी पाहुणे एवढे अडून बसले होते, जी मिळवण्यासाठी एका मृत मुलीचे पत्र शोधून काढावे लागले, ती साक्ष पूर्ण रात्र टेबलाच्या मानाच्या जागी बसली होती. हे खरेच घडले आहे का, असे तिला एकाही पाहुण्याने विचारले नाही. बापाला मुलांनी घालवले, आईला मात्र कोणी काही बोलले नाही आणि तिच्यासमोरची न्याहारीही कोणी उचलली नाही. ही विंटरबर्गची दया आहे की त्या टेबलावर त्याने केलेला सर्वांत कठोर शेरा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण हेल्गेपेक्षा मला राग येतो तो तिचाच, आणि प्रत्येक वेळी चित्रपट संपताना मी तिच्याकडेच पाहत असतो.